फेरफार बाकी

आमची गिरगावातली खोली पागडीची आहे आणि तिची भाडेपावती तात्यांच्या नावावर आहे. तात्या म्हणजे माझे आजोबा. ते १९७४ साली गेले. तरीही दर महिन्याच्या सात-आठ तारखेला मालकांचे मेहताजी जिना चढून येतात, चपला न काढता उंबऱ्यात उभे राहतात आणि विचारतात, "तात्या आहेत का?" आई आतून म्हणते, "बाहेर गेलेत." मेहताजी मान डोलावतात, पैसे मोजून घेतात आणि तात्यांकडून भाडं मिळाल्याची पावती फाडून देतात. यांच्या आधी यांचे वडील यायचे, तेही हेच विचारायचे. नाव बदलून घ्यायचं तर जी रक्कम सांगितली जाते, ती ऐकून घरातले आणखी दोघं-तिघं तात्यांच्या मागोमाग जायचे. म्हणून तो विषय आम्ही काढत नाही. कागदोपत्री तात्या आता एकशे पंधरा वर्षांचे आहेत आणि त्यांनी भाडं एकदाही थकवलेलं नाही.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग कराडचे मामा आले.

मामा चौतीस वर्षं तलाठी होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण दप्तर सुटलं तरी खोड सुटलेली नाही. कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, विचारून घेतात. जेवताना भाताच्या हद्दीत आमटी शिरली तर त्याला ते 'अतिक्रमण' म्हणतात. नात्यातल्या लग्नाला म्हणून ते चार दिवस आधी येऊन ठेपले आणि हातपाय धुवायच्या आत त्यांची नजर तारेला टोचलेल्या भाडेपावत्यांवर गेली.

"अक्का, ही पावती मयत खातेदाराच्या नावानं कशी?" त्यांनी आईला विचारलं. "वारसनोंद न्हाई केली? फेरफार न्हाई?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मी सहज बोलून गेलो, "मामा, मुंबईत सगळंच असं आहे. नाव एकाचं, ताबा दुसऱ्याचा, आणि मूळ माणूस तिसरीकडेच."

हे बोलायला नको होतं. मामांनी पिशवीतून वही काढली.

"सगळंच म्हंजे काय काय?"

"शिवाय या शहरात सातबारा नसतो. इथं प्रॉपर्टी कार्ड असतं."

पंढरपुरात विठोबा नसतो असं एखाद्या वारकऱ्याला सांगावं, तसा मामांचा चेहरा झाला. "सातबारा न्हाई?" ते म्हणाले. "मग माणसं झोपतात कशी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन आम्ही पीकपाहणीला निघालो. फणसवाडीत मामा थांबले, वर बघितलं, चारी दिशांना बघितलं. "फणस किती?" मी म्हटलं, एकही नाही. केळेवाडीत केळी नव्हती, जांभूळवाडीत जांभूळ नव्हतं. मुगभाटात मुगाची शेंग सोडा, मातीच नव्हती. कांदेवाडीत मात्र दुतर्फा लग्नपत्रिकांची दुकानं. मामांनी एक सोनेरी झालरीची पत्रिका हातात घेतली, भाव विचारला आणि खाली ठेवली. "बरोबर हाय," ते म्हणाले. "कांदा काय आन् ही काय, बापाच्या डोळ्याला पाणी दोन्हीनं येतं." मग वहीत पिकाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: माणूस, बारमाही. सिंचनाचं साधन: नळ, पहाटे एक तास.

एके काळी ही खरोखरच वाड्या-भाटांची, म्हणजे बागायतीची जागा होती. मुंबईची जुनी नावं वाचत गेलं तर झाडांची खानेसुमारी वाचल्यासारखं वाटतं: ताडदेव, उमरखाडी, चिंचबंदर, वडाळा. भेंडीबाजारही भाजीच्या भेंडीचा नव्हे, भेंडीच्या झाडांचा, असं जाणती माणसं सांगतात. झाडं गेली, पावत्या राहिल्या.

चर्नी रोड स्टेशनाचं नाव मामांना फार आवडलं, कारण त्यात सरकारी कर होता. गोष्ट अशी सांगतात की १८३८ च्या सुमाराला इंग्रज सरकारनं गुरचराईवर कर बसवला. गरिबांना तो परवडेना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी वीस हजार रुपये खर्चून जवळपासची जागा विकत घेतली आणि गुरांना मोकळी करून दिली. चरणीवरून चर्नी रोड. नावाच्या दुसऱ्याही उपपत्ती आहेत, पण त्यांत गाय नाही, म्हणून मी मामांना सांगितल्या नाहीत. मामा पुलावर उभे राहून खालची गर्दी पाहत होते. नऊ अठराची चर्चगेट लोकल आली आणि फलाटावरचा सगळा कळप एका दाराकडे धावला. "चरणी हाय की," मामा म्हणाले. "फकस्त गवत दिसत न्हाई."

धोबीतलावावर फार वेळ मोडला नाही. तिथं धोबी नाही, तलाव नाही. तलावाच्या कामी फ्रामजी कावसजी या पारशी गृहस्थांनी पदरचे पैसे घातले होते आणि सरकारदरबारी त्यांचं नावही लागलं, पण लोकांनी धोब्यांचंच चालू ठेवलं. पुढं तलावही बुजला. पैसे घालणारा गेला, पाणी गेलं, कपडे बडवणाऱ्यांची नोंद तेवढी टिकली. मामांच्या मते हा कूळकायद्याचा विजय आहे.

चर्चगेटला मात्र त्यांनी मला धारेवर धरलं. स्टेशनातून बाहेर येऊन त्यांनी आधी चर्च शोधलं, मग गेट शोधलं. मला सांगावं लागलं की चर्च इथून अर्धा-पाऊण मैल पूर्वेला, फोर्टात आहे: सेंट थॉमस, १७१८ सालचं. त्या चर्चकडे जाणारा किल्ल्याचा दरवाजा म्हणून त्याला चर्चगेट म्हणत. तो दरवाजा आज फ्लोरा फाउंटन आहे तिथं होता. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी किल्ल्याचे तट पाडायला घेतले, त्यात तो गेला. मग स्टेशनाला त्याचं नाव लागलं.

"म्हंजे चर्च एका गटात, दरवाजा दुसऱ्या गटात आणि नाव तिसऱ्या गटात," मामा म्हणाले. "ही खातेफोड केली कुणी?"

फ्लोरा फाउंटनपाशी मामांनी टोपी काढली, ती फ्लोरासाठी नव्हे. समोर हुतात्मा स्मारक आहे, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात मामांचे वडील कराडहून आले होते. तिथं ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत, वहीही उघडली नाही. मग टोपी घालून रस्ता ओलांडताना त्यांनी विचारलं, "आन् ही वरची बाई कोण?"

ती रोमन लोकांची फुलांची देवी. १८६४ सालचं कारंजं. हे बांधलं कृषी आणि उद्यानवाल्या मंडळींनी, आणि ते जायचं होतं भायखळ्याला, राणीच्या बागेत. नाव लागायचं होतं फ्रिअरसाहेबांचं. शेवटी ते राणीच्या बागेत गेलं नाही आणि साहेबांचं नावही राहिलं नाही. फुलांची देवी आज जिथं उभी आहे तिथं फूल म्हणून मिळतं ते फक्त सिग्नलला, गजऱ्याच्या रूपात.

"राणीच्या बागेत जायची वस्तू हितं आली," मामांनी लिहून घेतलं. तोवर त्यांना वाटलं, ही एवढी एकच नोंद असेल.

तिथून जवळच कधी काळी व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा होता, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला. १८९६ साली पुण्याच्या दामोदर चापेकरांनी एका रात्री त्याला डांबर फासलं आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. मामांना पुतळा बघायचा होता, निदान डांबराचा डाग तरी. "आता कुठाय?" मी म्हटलं, "राणीच्या बागेत."

काळ्या घोड्याला आलो. मामांनी घोडा बघितला आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान आलं. नावात काळा घोडा, जागेवर काळा घोडा. त्यांनी वही मांडीवर घेऊन 'ताबा: प्रत्यक्ष' असं लिहायलाही घेतलं. मला बोलायचं नव्हतं. पण त्यांनीच विचारलं, "ह्याच्यावर बसणारा कुठं गेला?"

झालं असं. १८७५-७६ साली इंग्लंडचे युवराज, पुढचे सातवे एडवर्ड, मुंबईला येऊन गेले. त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी त्यांचा घोड्यावर बसलेला ब्राँझचा पुतळा करवून घेतला, तो १८७९ साली इथं उभा राहिला. लोकांनी युवराजाकडे बघितलंच नाही. घोडा बघितला, तो काळा दिसला, त्याचं नाव जागेला दिलं. भावी बादशहाची नोंद घोड्याच्या 'इतर हक्कात' सुद्धा लागली नाही. १९६५ साली इंग्रजी पुतळे हलवायची लाट आली त्यात हा घोडा स्वारासकट उचलला. पुढची पन्नासएक वर्षं काळा घोडा नावाच्या चौकात वाहनं लावायची सोय होती. लोक टॅक्सीवाल्याला 'काळा घोडा' सांगत आणि टॅक्सीवाला बरोबर तिथं सोडी, जिथं काळा घोडा नाही. मग २०१७ साली हा नवा घोडा आला, मुद्दाम स्वाराशिवाय.

"म्हंजे ही नक्कल," मामा म्हणाले. तलाठ्याच्या तोंडी या शब्दाला धार असते. "अस्सल कुठाय?"

"राणीच्या बागेत."

मामांनी पेन्सिलीनं लिहिलेलं खोडलं.

पलीकडे राजाबाई टॉवरला टोले पडले, तसं मामांनी मनगटावरचं एचएमटी जुळवून घेतलं. टॉवरचा आराखडा केला इंग्लंडच्या गिल्बर्ट स्कॉट यांनी, जे मुंबईत कधी आलेच नाहीत. पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी आणि नाव लावलं आईचं. १८७८ मध्ये काम पुरं झालं. स्थळपाहणी न करता नकाशा मंजूर झाल्याबद्दल मामांना काही वाटलं नाही. तो त्यांच्या खात्यात रोजचा भाग होता. पण घड्याळाचं जे मी पुढं सांगितलं, त्यानं ते हादरले. १९०६ साली देशभर एक भारतीय प्रमाणवेळ ठरली. मुंबईनं नाक मुरडलं. आमचा सूर्य आमच्या वेळेला उगवतो, कलकत्त्याकडच्या वेळेला का उठायचं? मुंबई वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागं. महापालिकेनं ती धरून ठेवली ती थेट स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही काही वर्षं.

"एका गावात दोन घड्याळं?" मामा म्हणाले. "एका गावात दोन दप्तरं सापडली तर आम्ही निलंबित व्हायचो!"

मी त्यांना सांगितलं नाही की आमच्या ऑफिसातले निम्मे लोक अजून मुंबई वेळेनंच पोचतात. मस्टर मात्र प्रमाणवेळेनं उचललं जातं.

दुपारचे डबे आम्ही एशियाटिकच्या पायऱ्यांवर बसून खाल्ले. समोर हॉर्निमन सर्कल, डावीकडे सेंट थॉमसचं चर्च. तेच ते, ज्याचं गेट गेलं आणि स्टेशन राहिलं. चर्च जागेवर पाहून मामांनी त्याला मनोमन हात जोडले. या हिरवळीवर पूर्वी लॉर्ड कॉर्नवॉलिसचा पुतळा होता. तो आमच्याच लोकांनी देव करून टाकला. घुमटीखाली बसवलेला दगडी माणूस, इतकी खूण पुरेशी होती. फुलं पडू लागली, लोक नवस बोलू लागले, 'छोटं देऊळ' असं नावही पडलं. ज्यानं बंगालात जमीनदारांना कायमधारा लावून दिला, त्या माणसाला आमची माणसं नारळ फोडत होती. मामांनी चपातीचा घास हातात धरूनच विचारलं, "आन् तो देव आता..." आणि स्वतःच म्हणाले, "राणीच्या बागेत."

"तिथंच."

"जागृत देवस्थान असंल तर असा सहज हालत न्हाई," मामा म्हणाले आणि घास तोंडात टाकला.

याच पायऱ्यांवर मी त्यांना मुंबईच्या पहिल्या भाडेपावतीचं सांगितलं. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचं इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरलं आणि हुंड्यात मुंबई बेट दिलं गेलं. बेटावरच्या पोर्तुगीजांनी ताबा द्यायला वर्षानुवर्षं खळखळ केली: हद्द कुठवर, माहीम त्यात धरायचं की नाही. मामा हसले, त्यांना हे घरचं वाटलं. शेवटी ताबा मिळाला, पण चार्ल्सला त्या बेटाचा खर्चच परवडेना. १६६८ साली त्यानं ते ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. भाडं, दरसाल दहा पौंड.

मामांनी डबा बंद केला. "बायकोच्या माहेरची जमीन परस्पर भाड्यानं दिली?"

"हो."

"तिची सही?"

मला माहीत नव्हतं.

"आन् दरसाल दहाच पौंड? वाढ न्हाई?"

"नाही."

"पागडी!" मामा ओरडले, इतक्या जोरात की खालच्या पायरीवर पुस्तक वाचणाऱ्या मुलीनं पान उलटायचं सोडून वर बघितलं. "ह्या गावची पहिलीच पावती पागडीची हाय! मग तात्यांचं काय चुकलं?"

घरी आल्यावर ते आईला प्रथमच म्हणाले, "अक्का, ऱ्हाऊ दे त्यो फेरफार. वरनंच तसं हाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी काळबादेवीच्या फुटपाथवर मामा अचानक खाली बसले. मला वाटलं चक्कर आली. पण त्यांना एक दगड दिसला होता. काळा, चौकोनी, डोक्याला निमुळता. हद्दीचा दगड तलाठ्याला शंभर पावलांवरून ओळखू येतो, आणि ओळखीच्या माणसाला चहा पाजावा तसं मामा त्याच्याशी वागतात. त्यांनी रुमालानं धूळ पुसली. वर रोमन आकडा, खाली कोरलेलं: सेंट थॉमस चर्चपासून इतके मैल. इंग्रजांच्या काळात मुंबईतलं अंतर त्या चर्चपासून मोजत आणि दर मैलावर असा दगड ठोकत. त्यांतले बरेचसे फुटपाथमध्ये गळ्यापर्यंत गाडले गेले होते, कारण मुंबईचा रस्ता खणून झाला की दर वेळी आधीपेक्षा चार बोटं वर येतो. अलीकडे पालिकेनं काही दगड उकरून, साफ करून पुन्हा नीट उभे केले. मामांनी शर्टाच्या बाहीनं कोरलेल्या अक्षरांतली माती काढली. मागून एक हातगाडीवाला "बाजू, बाजू" ओरडत होता. मामा म्हणाले, "जरा थांब बाबा, मोजणी चाललीय." आणि आश्चर्य म्हणजे तो थांबला. मोजणी म्हटलं की मराठी माणूस थांबतो, त्याचा गावाकडे अर्धा एकर कुठंतरी वादात असतोच.

पायधुणीवरून पुढं निघालो. बेटाबेटांत खाडी होती तेव्हा पलीकडून येणारा माणूस इथं पाय धुऊन गावात शिरायचा, म्हणून पायधुणी. आज तिथं पाय ठेवायला जागा मिळाली तरी पुष्कळ.

मशीद स्टेशनला मामांचा अंदाज होता की आता तरी काही गडबड नसेल. मशीद म्हणजे मशीद. शिवाय त्या भागात मशिदी आहेतच, समोरच एक दिसतही होती. त्यांनी नोंद करायला पेन काढलं. मी म्हटलं, "मामा, ज्या मशिदीवरून हे नाव पडलं असं सांगतात, ती मशीद मुसलमानांची नाही. ज्यूंची आहे."

मामांनी पेनाला टोपण लावलं.

सॅम्युएल स्ट्रीट स्टेशनच्या पश्चिमेलाच आहे. मसाल्याची, सुक्यामेव्याची गोदामं, हमाल, पोत्यांचा वास, आणि मध्ये एक साधीसुधी इमारत, दारावर हिब्रू अक्षरं. शार हारहमीम, म्हणजे दयेचा दरवाजा. १७९६ साली सुरू झालेलं मुंबईतलं सर्वांत जुनं सिनेगॉग. इमारत त्यानंतर बदलली, जागाही थोडी सरकली. बांधणाऱ्याचं नाव सॅम्युएल इझीकिएल. पण कंपनीच्या फौजेत आणि घरीदारी त्यांना म्हणत सामाजी हसाजी दिवेकर.

"दिवेकर?" मामा म्हणाले. "आमच्या मंडळ अधिकाऱ्याचं आडनाव हे!"

दिवे आगरचे ते दिवेकर, जसे पेणचे पेणकर, राजापूरचे राजापूरकर. बेने इस्राएल ही ज्यू मंडळी कोकणात किती शतकं राहिली त्यावर पंडितांचा वाद आहे, पण मराठी किती बोलायची यावर नाही: घरात तीच. अलिबागकडे ती तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना नावच पडलं 'शनिवार तेली'. आमच्या गावाकडे शनिवारी मारुतीला तेल वाहतात. हे लोक त्याच दिवशी तेल गाळत नव्हते. दोघांचं कधी भांडण झाल्याचं ऐकिवात नाही.

तर हे दिवेकर म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. घराण्यात सांगत आलेली गोष्ट अशी, की कैद्यांना धर्म विचारला तेव्हा यांनी 'बेने इस्राएल' सांगितलं. दरबारातल्या कुणीतरी, काहीजण म्हणतात टिपूच्या आईनंच, म्हटलं की या लोकांचं नाव तर कुराणात आहे. म्हणून जीव वाचला. परत आलो तर देवाचं घर बांधीन असा नवस होता, तो फेडला. बेने इस्राएल आपल्या मराठीत सिनेगॉगला मशीदच म्हणत. ही झाली 'जुनी मशीद'. तीच पुढं बंदराच्या आणि स्टेशनाच्या पाटीवर चढली, असं सांगतात.

मामा पोत्यांच्या गाडीला टेकून उभे होते. त्यांनी हातावर हिशेब केला. "टिपूनं सोडलं कुराणामुळं. नवस फेडला ज्यूनं. आडनाव कोकणातलं. भाषा आपली. पाटी मशिदीची. आन् स्टेशन इंग्रजाचं." मग थोडं थांबून, "ह्याचा फेरफार कुणाचा बाप करू शकत न्हाई. मी असतो तर शेरा मारला असता: पूर्वीप्रमाणे कायम."

भायखळ्याला उतरून राणीच्या बागेकडे जायच्या आधी मी त्यांना वाट वाकडी करून खडा पारशी दाखवायला नेलं. तोवर नाव होतं, माणूस नव्हता, इथं उलटं. उड्डाणपुलाच्या दोन फाट्यांच्या बेचक्यात, उंच खांबावर, पायाशी जलपऱ्या घेऊन एक पारशी गृहस्थ १८६० च्या दशकापासून उभे आहेत. सेठ कर्सेटजी माणेकजी. त्यांचा मुलगा माणेकजी कर्सेटजी यानं वडिलांचा हा पुतळा करवून घेतला. मुंबईत मुलींची इंग्रजी शाळा काढणारा तोच. पण लोकांनी वडिलांचं नाव विचारलं नाही, मुलाचंही नाही. उभा आहे ना? खडा. पारशी आहे ना? पारशी. एवढ्यावर नोंद संपवली. पुलावरून जाणाऱ्या बसमधल्या माणसाच्या आणि त्यांच्या डोळ्यांची उंची जुळते, त्यामुळे खिडकीतल्या प्रवाशाला दीडशे वर्षांच्या माणसाशी नजर मिळवून पुढं जावं लागतं.

"ताबा अखंड, नाव अज्ञात," मामांनी लिहिलं. "असल्याला आम्ही बेवारस म्हणायचो."

आणि मग राणीची बाग. फाटकापाशी पेंग्विन बघायला आलेल्या शाळेच्या पोरांची रांग होती. मामांना पेंग्विनांत रस नव्हता; दक्षिण अमेरिकेच्या जातीचे पक्षी भायखळ्यात थंडगार खोलीत राहतात याची त्यांनी फक्त 'वीजबिल कुणाचं?' एवढी चौकशी केली. आम्ही सरळ भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात गेलो.

आधी दिसला हत्ती. दगडी, थोराड, ठिकठिकाणी जोडलेला. मुंबईजवळच्या घारापुरीच्या धक्क्यावर पोर्तुगीज उतरले तेव्हा त्यांना हा हत्ती दिसला, म्हणून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचं ठरवलं. उचलताना यारी मोडली, हत्तीचे तुकडे झाले. तुकडे विलायतेला नेण्यात कुणाला रस नव्हता, ते इथं आणून टाकले. १९१४ साली कुणीतरी बसून ते पुन्हा जोडले. त्यामुळे आज हजारो लोक गेटवेवरून तासभर लाँचमध्ये बसून एलिफंटाला जातात, आणि एलिफंट भायखळ्यात आहे.

पुढं अस्सल काळा घोडा, स्वारासकट. एडवर्ड महाराज चिंचेच्या की कशाच्या सावलीत घोड्यावर ताठ बसून कुंपणाकडे बघत होते. त्याच आवारात कॉर्नवॉलिस. नारळ नाही, फूल नाही. आणि एका बाजूला संगमरवरी व्हिक्टोरिया राणी, नाक तुटलेलं.

मामा एकाकडून दुसऱ्याकडे हिंडत राहिले. मग बाकावर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांची निम्मी नोकरी कोयनेच्या धरणग्रस्तांची दप्तरं सांभाळण्यात गेली होती.

"पुनर्वसन वसाहत हाय ही," ते शेवटी म्हणाले. "पण आमची लोकं गाव पाण्याखाली गेल्यावर निघताना नाव संगं घेऊन आली. जिथं ऱ्हायली तिथं तेच नाव लावलं. ह्यांनी नाव मागं ठेवलं आन् नुसतं अंग घेऊन आली."

मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. ते ताडकन उठले. "अरं, बागेचं नाव काय? राणीची बाग! आन् ही काय समोर बसलीय? राणी! जुळली की एक नोंद! अख्ख्या मुंबईत एक नोंद जुळली!" त्यांनी वही उघडली, पानाच्या मधोमध ठसठशीत रेघ मारली, लिहायला सुरुवात केली. तेवढ्यात फाटकावरची पाटी वाचून आलेला शाळेतला एक पोरगा आपल्या बाईंना मोठ्यानं सांगत गेला, "बाई, वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान!"

मामांनी माझ्याकडे बघितलं. "फेरफार झाला?"

"झाला. सरकारी. लोक अजून राणीचीच म्हणतात."

त्यांनी वही मिटून पिशवीत टाकली. येताना व्हीटीला, म्हणजे १९९६ पासून सीएसटीला, म्हणजे २०१७ पासून सीएसएमटीला उतरलो तेव्हा त्यांनी पाटीकडे वर बघितलंसुद्धा नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी सात तारीख होती. घरात गडबड, आई आत अक्षता शोधत होती, मामा टोपी घालून दारातच खुर्चीवर बसले होते. जिन्यावर चपलांचा आवाज आला. मेहताजी उंबऱ्यात उभे राहिले, काखेतून पावतीपुस्तक काढलं आणि विचारलं, "तात्या आहेत का?"

आई आतून काही बोलायच्या आधी मामा म्हणाले, "राणीच्या बागेत गेल्यात."

मेहताजींनी मान डोलावली आणि पैसे मोजायला घेतले.